गावच्या शाळेला मुलींचं वसतिगृह: आधी खाट मोजा, मग पैसे मागा

खानदेशात मुलीची शाळा सुटते ती बहुतेक वेळा अंतरामुळे. गावात सातवीपर्यंत वर्ग असतात, आठवी पाच-सात किलोमीटरवर, अकरावी तालुक्याला. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण संध्याकाळची गाडीच पाड्यापर्यंत येत नसेल तर पास दप्तरातच राहतो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातली गावं, चोपडा-यावलकडचा सातपुड्याचा पायथा, आणि साक्री-चाळीसगावकडून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणारी ऊसतोड कुटुंबं, या सगळ्यांना लागते ती एकच गोष्ट: शाळेजवळ रात्रीची सुरक्षित जागा.

अशी जागा उभी करायला निघालेल्या संस्थांसाठी, शिक्षकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी हे टिपण आहे. हिशोब ५० मुलींचा धरला आहे. मुलांचं वसतिगृह असेल तरी आकडे फारसे हलत नाहीत.

पावती पुस्तक छापण्याआधी सात-बारा बघा

पैसे मागायला निघण्याआधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहा. शाळा संस्थेची आणि जमीन संस्थापक नानांच्या किंवा त्यांच्या भावांच्या नावावर, असं गावोगाव असतं. चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून ते चाललं. मोठा देणगीदार पहिल्याच भेटीत विचारतो, आणि कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचा पैसा, तर तिथेच अडतो. २०२१ पासूनच्या नियमांनुसार सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता नोंदणीकृत धर्मादाय संस्था, लाभार्थी किंवा सार्वजनिक यंत्रणा यांच्याच मालकीची असावी लागते. खासगी उताऱ्यावर ती इमारत बसत नाही.

गावठाणाबाहेरची शेतजमीन असेल तर ‘नाना बक्षीसपत्र करून देतील’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या, म्हणजे संस्थेच्याही नावावर थेट होत नाही, कुळकायद्याखाली परवानगी लागते. भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देता न येणारी जमीन असेल तर आणखी वेगळी परवानगी. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासी व्यक्तीला किंवा संस्थेला देताच येत नाही. नंदुरबारमध्ये आणि शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात हा मुद्दा हमखास येतो. तलाठ्याकडून ताजा सात-बारा आणि फेरफार काढा, वकिलाला दाखवा, आणि त्याचं मत लेखी घ्या. बिगरशेती आणि बांधकाम परवानगीला सहा महिने सहज जातात. तेवढ्या काळात निधीची तयारी करता येते, म्हणून अर्ज आधी टाका.

शाळा जिल्हा परिषदेची असेल तर वाट वेगळी. जागा आणि इमारत परिषदेची, त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव आणि परिषदेची लेखी मंजुरी या तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नका. मंजुरी फसली तर पैसे परत करण्यासारखी नामुष्की नाही.

संस्थेची कागदपत्रंही याच वेळी तपासा. विश्वस्त बदलले पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिलाच नाही, कागदोपत्री अजून वारलेले आबाच अध्यक्ष आहेत, हे इतकं सर्रास आहे की आधी तेच बघावं. बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडून आता द्या. आयकरातली १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी चालू आहे का, लेखापरीक्षण तीन वर्षांचं पूर्ण आहे का, हेही सीएकडून लिहून घ्या. आणि लक्षात ठेवा, संस्थेच्या नावावर कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘सध्या सोसायटीकडून उचलू, देणग्या आल्या की फेडू’ हा विचार तिथेच सोडा.

एका खाटेचा हिशोब

‘वसतिगृह बांधतोय, दीड कोटी लागतील’ असं म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि अकराशे रुपये देतो. दीड कोटीत आपला वाटा किती, हे त्याला दिसत नाही. म्हणून सगळा खर्च एका मुलीच्या जागेवर आणा.

झोपण्याची खोली, जेवणाची जागा, स्वयंपाकघर, संडास-न्हाणीघर, अभ्यासिका आणि अधीक्षिकेची खोली मिळून एका मुलीमागे साधारण ९५ चौरस फूट बांधकाम धरा. ५० मुलींना ४,७५० चौरस फूट. दर तुमच्या भागातल्या तीन ठेकेदारांकडून लेखी घ्या आणि बांधकाम खात्याच्या दरसूचीशी ताडून बघा. इथे नमुन्याला चौरस फुटाला १,९०० रुपये धरले आहेत.

बांधकाम ९०,२५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १६,२४,५००. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर २,७०,०००. आवारभिंत ४०० फूट लांब, १,४०० रुपये फुटाने, ५,६०,०००. बोअर, टाकी, मोटार ३,००,०००. खाट, गादी, मच्छरदाणी, कुलपाची पेटी मिळून मुलीमागे ९,००० प्रमाणे ४,५०,०००. बेरीज १,२२,२९,५००. अडीअडचणीला ८ टक्के धरले की १ कोटी ३२ लाखांच्या घरात जातं. भागिले ५०, म्हणजे एका मुलीची जागा २ लाख ६४ हजारांना पडते.

यात जीएसटीची ओळ सर्वांत जास्त घात करते. ठेकेदार तोंडी दर सांगतो तो कराशिवायचा. पहिलं बिल आलं की सोळा लाखांचा खड्डा दिसतो, आणि मग कापाकापी सुरू होते ती आवारभिंत, वायरिंग आणि संडासांपासून. म्हणजे सुरक्षिततेपासूनच.

आता चालवण्याचा खर्च, जो अंदाजपत्रकात बहुतेक जण लिहीतच नाहीत. जेवण दिवसाला ७० रुपये धरलं तर ५० मुली, २८० दिवस, ९,८०,०००. दोन अधीक्षिका, कारण एक रजेवर गेली तरी रात्री बाई हवीच, प्रत्येकी महिना १५,०००, वर्षाला ३,६०,०००. दोन स्वयंपाकिणी २,४०,०००. रात्रीचा पहारा १,२०,०००. वीज ९६,०००. औषधं आणि दुरुस्ती ६०,०००. एकूण १८,५६,०००, मुलीमागे वर्षाला ३७,१२०.

इमारतीला पैसे मिळतात, कारण भिंतीवर नावाची फरशी बसते. अधीक्षिकेच्या पगाराला फरशी नसते. म्हणून मागतानाच दोन्ही जोडून मागा: ‘एक जागा २ लाख ६४ हजार, आणि तिचं वर्षाचं पालकत्व ३७ हजार.’ पहिल्या वर्षाचा चालू खर्च बँकेत वेगळा पडल्याशिवाय प्रवेश देऊ नका.

कोणाकडे किती

एक कोटी बत्तीस लाखांचा मनोरा साधारण असा रचा. एक देणगी २५ लाखांची, दोन १० लाखांच्या. अख्खी एक जागा उचलणारे दहा जण, म्हणजे २६ लाख ४० हजार. ५०,००० देणारे चाळीस. ११,००० देणारे दीडशे. २,१०० देणारे सहाशे. इथपर्यंत १ कोटी २० लाख ५० हजार झाले. उरलेले साडेअकरा लाख मुरूम, वाळू, ट्रॅक्टरच्या फेऱ्या, खोदाई आणि पाण्याचे टँकर या रूपात गावाकडून येऊ शकतात. वस्तूरूपाने आलेल्याचीही पावती फाडा आणि बाजारभाव लिहा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी विश्वस्त आणि शिक्षकांनी स्वतःचे आकडे लिहायचे, मग मोठ्या तिघांकडे जायचं, आणि निम्मी रक्कम पक्की झाल्यावरच गावात फिरायचं. उलट केलं की गावातून चार लाख जमतात, उत्साह ओसरतो, आणि मोठा देणगीदार विचारतो, ‘एवढ्यात होणार कसं?’

वेळही खानदेशचीच बघा. कापसाचा पैसा दिवाळीनंतर घरात येतो, नोव्हेंबर ते जानेवारी. शेतकऱ्याकडे तेव्हा जा. जून-जुलैत बियाणं आणि खताने खिसा रिकामा असतो, त्या वेळी मागणं म्हणजे नको तो नकार ओढवून घेणं. रावेर-यावलकडे केळीची कटाई बागेनुसार पुढेमागे होते, तिथे बाग कापली जात असताना विचारा. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर चुकूच नका. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, सुरत-नाशिक-पुण्याला गेलेली माणसं गावात असतात. ज्यांची शाळा अंतरापायी सुटली, त्या बायकांना वसतिगृह म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. झोक्याच्या झाडाखाली तासभर बैठक घ्या, पत्रक अहिराणीतही छापा. ‘आपला गावनी शाळा’ एवढे शब्द वर असले तरी माणूस पत्रक खिशात ठेवतो.

सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशी वस्ती मोठी आहे. तिथे एकेकट्याला फोन करण्यापेक्षा गावकऱ्यांचं मंडळ गाठून रविवारी बैठक लावा, आणि जाताना शिक्षिकेला सोबत न्या, पुढाऱ्याला नको.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत एक खबरदारी. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय योगदानात मोडत नाही. पासपोर्ट अमेरिकेचा झाला असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ते पैसे परकीयच. एफसीआरए (परकीय योगदान कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं नसताना ते घेतले तर गुन्हा होतो. पासपोर्टची प्रत मागायला लाजू नका.

कंपनीकडे जाताना

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला दाल मिलवाला बहुधा या चौकटीत बसत नाही. त्याच्याकडे साधी देणगी मागा, सीएसआरचा अर्ज देऊन त्याला आणि स्वतःला दमवू नका. चौकटीत बसणाऱ्या कंपनीने जवळपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, म्हणून जिल्ह्यात कारखाना किंवा केंद्र असलेल्या मोठ्या कंपन्यांची यादी करा. नंदुरबार हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. तिथली शाळा असेल तर हे वाक्य अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हवं.

अर्जाआधी संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) काढून ठेवा, त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. अर्ज चार पानांचा पुरे: कोणत्या गावांतून किती मुली, आज त्या किती किलोमीटर चालतात, नकाशा, अंदाजपत्रक, आणि चालू खर्च पुढची तीन वर्षं कुठून येणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसलेले अर्ज बाजूला पडतात. एप्रिल ते जुलै दरम्यान अर्ज द्या. फेब्रुवारीत दिला तर त्या वर्षाचा पैसा वाटून झालेला असतो, किंवा ‘३१ मार्चच्या आत खर्च दाखवा’ अशी घाई मागे लागते, आणि घाईत ओतलेला स्लॅब पुढे गळतो.

आमदार-खासदार निधीतून खोली किंवा आवारभिंत मिळू शकते, पण तो पैसा संस्थेच्या हाती येत नाही. जिल्हा प्रशासन नेमलेल्या यंत्रणेकडून काम करून घेतं. म्हणून तुमच्या इमारतीत गुंतलेलं काम त्यातून मागू नका. आवारभिंत, रस्ता, सौरदिवे असं सुटं काम मागा, म्हणजे ते रखडलं तरी स्लॅब अडत नाही.

पैसा आला की

इमारत निधीचं बँक खातं वेगळं काढा, तीन सह्यांपैकी दोन बंधनकारक, त्यात एक बाई. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा. मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक नंबरवर ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे हे गावातल्या निम्म्या भांडणांचं मूळ. पावती पुस्तकांना अनुक्रमांक हवेत, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं याची वही हवी, आणि रद्द पावती फाडून न टाकता पुस्तकातच आडवी रेघ मारून ठेवा.

रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, हे त्याला आधी सांगा. नवी करप्रणाली निवडलेल्या नोकरदाराला तर ही सवलत मुळातच नाही. ‘टॅक्स वाचेल’ असं सरसकट आश्वासन देऊन नंतर तोंड लपवायची वेळ आणू नका. पावतीवर नाव, पत्ता आणि पॅन घ्याच. वर्षअखेरीची देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे ऑनलाइन भरल्यावरच त्यांचं प्रमाणपत्र निघतं, आणि पॅन मागायला मे महिन्यात दीडशे फोन करण्यापेक्षा पावती फाडतानाच लिहिणं सोपं.

शाळेच्या फाटकावर एक फळा लावा: जमा, खर्च, शिल्लक. दर महिन्याच्या पाच तारखेला आकडे बदला. दोन महिने जुने आकडे तसेच राहिले की चहाच्या टपरीवर वेगळेच आकडे फिरू लागतात.

पाया काळ्या मातीत आहे

तापीकाठची काळी कापसाची जमीन पिकाला चांगली, इमारतीला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीन फुटांवर पाया थांबवला की दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. माती तपासणी करून घ्या, त्याला लागणारा पैसा अंदाजपत्रकातला सर्वांत स्वस्त पैसा आहे. पाया मुरमापर्यंत न्या, किंवा मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअर सांगेल तसे खाली फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, घाला. जोत्यात भरायला मुरूमच. ठेकेदार खोदलेली काळी माती परत आत लोटू पाहतो, त्याचे वाहतुकीचे पैसे वाचतात आणि तुमच्या फरशा पुढच्या पावसाळ्यात उचलल्या जातात. भराव चालू असताना कोणीतरी खुर्ची टाकून तिथे बसलंच पाहिजे.

काम टप्प्यात करायचं तर प्रत्येक टप्पा वापरता येईल असा पाडा. पहिल्या टप्प्यात तळमजल्यावर २५ मुलींची जागा, पण संडास, आवारभिंत आणि वायरिंगसकट पूर्ण. त्या टप्प्याचे सगळे पैसे बँकेत आल्याशिवाय कुदळ मारू नका. पिलर उभे, पैसा संपला, सळया गंजत आभाळाकडे बघताहेत, अशा शाळा प्रत्येक तालुक्यात दिसतात. तिथे पुन्हा देणगी मागणं पहिल्यापेक्षा दुप्पट अवघड होतं. ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून ५ टक्के रोखून ठेवा आणि एक पावसाळा छत न गळता गेल्यावर द्या.

सुरक्षित म्हणजे नेमकं काय

देणगीदाराला ‘सुरक्षित’ या शब्दामागच्या वस्तू दाखवा. त्यातल्या बऱ्याच लहान रकमेत बसतात आणि चटकन उचलल्या जातात.

खाट ही चैन नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश बहुधा जाणवतही नाही. दीड फूट उंचीची लोखंडी खाट, भिंतीपासून वीतभर अलीकडे, आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. दाराखालची फट रबरपट्टीने बंद. सरपण आणि विटांचे ढीग इमारतीपासून लांब. सर्पदंशावरचं औषध असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत.

संडास इमारतीतच, पाच-सहा मुलींमागे एक. अंगणापलीकडे बांधले की मुली संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं सोडतात. प्रत्येक दाराला आतून कडी, आणि ती महिन्यातून एकदा स्वतः लावून बघायची. दोन स्क्रूवर लोंबणारी कडी असली की दार नसल्यातच जमा.

खिडक्यांना जाळी हवी, पण प्रत्येक खोलीतली एक जाळी आतून उघडणारी. सगळ्या पक्क्या वेल्ड केल्या तर आग लागल्यावर खोलीचा पिंजरा होतो. बाहेर पडायला दोन वाटा, दारं बाहेर उघडणारी, आणि रात्री मुख्य दाराची किल्ली अधीक्षिकेच्या कमरेला नव्हे, तर आत ठरलेल्या जागी. वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. गॅसच्या टाक्या स्वयंपाकघराबाहेर जाळीच्या कपाटात.

पत्र्याचं छत स्वस्त पडतं, पण एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याखाली दुपारी मूल बसू शकत नाही. स्लॅब घाला, वर पांढरा थर द्या, आणि समोरासमोर खिडक्या ठेवा.

माणसांची बाजू भिंतीपेक्षा महाग नाही, पण तीच आधी विसरली जाते. प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, स्वयंपाकी आणि पहारेकरीही धरून. भेटायला येणाऱ्यांची वही, आणि मुलीला घेऊन जाण्याची परवानगी कोणाला आहे, त्यांचे फोटो. कॅमेरे फाटकावर आणि बोळात, खोलीत कधीच नाहीत. तक्रारपेटीची किल्ली संस्थेबाहेरच्या बाईकडे द्या, आशाताई किंवा निवृत्त शिक्षिका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलींना पाठ हवा, आणि तो लावायला फोन त्यांच्या हाताशी हवा. लैंगिक छळाची माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणं पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा आहे, ‘संस्थेचं नाव’ हे कारण तिथे चालत नाही. हे विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवा आणि सह्या घ्या.

प्रवेश देण्याआधीची शेवटची तपासणी कागदावर होत नाही. विश्वस्तांपैकी दोघींनी आणि एका आईने मे महिन्यातली एक रात्र तिथे काढावी. रात्री दहाला मेन स्विच बंद करायचा. अंधारात खाटेपासून संडासापर्यंत चालत जायचं, कडी लावायची, नळ सोडायचा. मग जाळी आतून उघडून बाहेर पडायचं, आणि पहारेकऱ्याला न सांगता फाटकापर्यंत जाऊन तो जागा आहे का ते बघायचं. सकाळी निघालेल्या यादीतलं प्रत्येक काम झालं की मगच प्रवेश अर्ज वाटायला घ्या.